डिशवॉशरवर एरर आली? मेकॅनिकला फोन लावण्याआधी घरच्या घरी काय तपासायचं

डिशवॉशरच्या डिस्प्लेवर ई२४ किंवा ओ-ई असं काही उमटलं की बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. एकतर मशीन चार-पाच वेळा बंद-चालू करून बघतात, नाहीतर सरळ सर्व्हिस सेंटरला फोन लावतात. मेकॅनिक दोन-तीन दिवसांनी उगवतो, फिल्टर उचलतो, त्याच्या खालून लिंबाची बी काढून दाखवतो आणि व्हिजिट चार्ज घेऊन जातो. तोवर सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर, आणि सुट्टीवर गेलेल्या मावशींची आठवण.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरांपुरतं माझं मत ठाम आहे. इथल्या बऱ्याचशा एरर मशीनच्या नसतातच, पाण्याच्या असतात. पाणी पुरेसं आलं नाही, आलेलं गेलं नाही किंवा नको तिथे झिरपलं. या तिन्हींची तपासणी घरी होऊ शकते. त्यासाठी लागतं काय, तर एक बादली, जुना टूथब्रश, स्पंज, रबरी हातमोजे, टॉर्च आणि पक्कड. चौथा प्रकार पाणी न तापण्याचा. तिथे मात्र हात आवरता घ्यायचा.

एक गोष्ट आधीच लक्षात घ्या. कोड म्हणजे बिघडलेल्या पार्टचं नाव नव्हे. मशीन कोणत्या टप्प्यावर अडकलं, एवढंच त्यातून कळतं. ‘पाणी भरलं नाही’ असा कोड आला म्हणजे पाणी आत सोडणारा इनलेट व्हॉल्व्ह गेला असं नाही. टाकी रिकामी असेल, जाळी तुंबली असेल किंवा भरलेलं पाणी मागच्या दाराने निघून जात असेल. फोनवर कोड ऐकूनच ‘व्हॉल्व्ह बदलावा लागेल’ म्हणणाऱ्याला म्हणूनच लगेच हो म्हणू नये.

कोणता कोड कशाचा

बॉश आणि सीमेन्सच्या अनेक मॉडेल्सवर ई१८ म्हणजे पाणी येत नाही किंवा कमी येतंय. ई२२ म्हणजे फिल्टर तुंबलेत. ई२४ म्हणजे पाणी बाहेर जात नाही. ई२५ म्हणजे ड्रेन पंपात काही अडकलंय किंवा पंपाचं झाकण नीट बसलेलं नाही. ई१५ म्हणजे मशीनच्या तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचलंय. ई०९ म्हणजे हीटरची अडचण. एलजीवर आय-ई म्हणजे पाणी येण्याची, ओ-ई जाण्याची, ए-ई गळतीची, एफ-ई पाणी जास्त भरल्याची आणि एच-ई तापण्याची तक्रार. सॅमसंगवर ४-सी (जुन्या मॉडेलवर ४-ई) पाणी येण्याबद्दल, ५-सी किंवा ५-ई जाण्याबद्दल आणि एल-सी गळतीबद्दल. नव्या मॉडेल्सवर आकडे लांबलचक झालेत, पण गट हेच. तुमच्या मॉडेलची यादी मॅन्युअलच्या शेवटच्या पानांत असते. मॅन्युअल हरवलं असेल तर दाराच्या आतल्या कडेवर मॉडेल नंबर छापलेला असतो. तो कंपनीच्या साइटवर टाकला की पीडीएफ मिळते.

एलजीवर सी-एल दिसलं तर घाबरू नका, तो चाइल्ड लॉक आहे. घरात नातवंडं येऊन गेली की हा ‘बिघाड’ हमखास होतो. पॅनेलवर कुलपाचं चिन्ह असलेलं बटण तीनेक सेकंद दाबून धरा.

हात लावण्याआधी

पहिलं काम, कोडचा फोटो काढा. प्रोग्रॅम सुरू होऊन किती वेळ झाला होता, मशीनमध्ये खाली पाणी आहे का, तेही बघून ठेवा. सुरू केल्या केल्या पाच मिनिटांत थांबलं असेल तर संशय पाणी येण्यावर. मध्येच किंवा शेवटी थांबून तळाशी गढूळ पाणी उभं असेल तर संशय पाणी जाण्यावर. मशीन कोरडं, पण आतून पंपाची घरघर थांबतच नाही, असं असेल तर गळतीवर. एवढं टिपून ठेवलं की निम्मं निदान झालं.

मग भिंतीवरचं बटण बंद करा, प्लग काढा आणि दहा मिनिटं तसंच राहू द्या. पावसाळ्यात लाइट जाऊन-येऊन व्होल्टेज वरखाली झालं की कंट्रोल बोर्ड कधीकधी उगीच अडकतो. ती एरर एवढ्यानेच जाते. पुन्हा चालू करताना रिसेट द्या. बॉशच्या बऱ्याच मॉडेल्सवर स्टार्ट/रिसेट बटण तीन-चार सेकंद दाबून धरलं की मशीन उरलेलं पाणी बाहेर टाकून प्रोग्रॅम रद्द करतं. कोड परत आला, तर मात्र रिसेटचा नाद सोडा. दहा वेळा रिसेट करून तुंबलेला पाइप मोकळा होत नाही.

पुढची सगळी कामं प्लग काढूनच करायची. आणि बाजूचं किंवा मागचं पत्र्याचं पॅनेल उघडायचं नाही. आत २३० व्होल्टचा मामला असतो आणि खाली ओल.

पाणी येत नाही: ई१८, आय-ई, ४-सी

सुरुवात मशीनपासून नव्हे, टाकीपासून करा. आपल्याकडे सोसायट्यांत पाणी सोडण्याच्या वेळा असतात. शटडाऊनच्या दिवशी तर वॉचमनच वरचा व्हॉल्व्ह आवळून ठेवतो. सिंकचा नळ सोडून बघा. तिथेच धार बारीक असेल तर मशीनची काही चूक नाही.

सिंकला पाणी आहे? मग मशीनच्या अँगल कॉककडे, म्हणजे इनलेट पाइप जिथे जोडलाय त्या छोट्या नळाकडे वळा. ओट्याखाली साफसफाई करताना तो अर्धवट फिरलेला असतो, हे कितीतरी घरांत पाहिलंय. कॉक पूर्ण उघडा. इनलेट पाइप मशीनच्या मागे दबून मुडपलाय का बघा. मॉड्युलर किचनवाले मशीन मागे रेटून बसवतात, तेव्हा पाइप हमखास चेपतो.

तरी कोड गेला नाही तर बादलीची चाचणी. अँगल कॉक बंद करा, इनलेट पाइपचा चुडीचा नट हाताने सोडवा, खाली १० लिटरची बादली धरा आणि कॉक पूर्ण उघडा. बादली साधारण मिनिटभरात भरली पाहिजे. दोन-तीन मिनिटं लागत असतील तर प्रेशर कमी आहे, आणि मशीनचं कुठलंही पार्ट बदलून ते वाढणार नाही.

प्रेशरचं गणित सोपं आहे. बहुतेक डिशवॉशरना किमान ०.५ बार दाब लागतो. पाण्याचा १० मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे जवळपास १ बार. म्हणजे गच्चीवरच्या टाकीतली पाण्याची पातळी तुमच्या अँगल कॉकपासून निदान पाच मीटर वर हवी. उंच बिल्डिंगच्या चौथ्या-पाचव्या मजल्याला याची फिकीर नाही. पण सगळ्यात वरच्या मजल्यावर छताची उंची तीन मीटर, वर टाकीचा चौथरा मीटरभर, त्यात टाकी अर्धी रिकामी, की काठावरचं काम होतं. घोडबंदर रोडवरच्या एका बिल्डिंगमध्ये टॉप फ्लोअरच्या एका काकांचं मशीन सकाळी ई१८ दाखवायचं आणि रात्री मुकाट चालायचं. मेकॅनिक येऊन व्हॉल्व्हचं एस्टिमेट देऊन गेला होता. सोसायटीच्या प्लंबरने नुसतं विचारलं, “काका, सकाळी किती वाजता लावता?” सात वाजता. म्हणजे अख्खी विंग अंघोळीला, लाइन एकच आणि टाकी उतरणीला. काका रात्री अकराला लावायला लागले आणि एस्टिमेट ड्रॉवरमध्ये पडलं. रात्रीसुद्धा बादली वेळेत भरत नसेल, तर त्या लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवणं किंवा वरचे दोन मजले गच्चीवरच्या बूस्टर पंपाला जोडून घेणं हाच उपाय. हा विषय सोसायटीच्या कमिटीपुढे न्यायचा. मीटिंगमध्ये एका बैठकीत तो मंजूर होईल, अशी आशा मात्र ठेवू नका.

बादली झटक्यात भरली, तर मशीनची जाळी बघा. इनलेट पाइप जिथे जोडतात त्या टोकाला बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची किंवा स्टीलची बारीक जाळी असते. पक्कडीने हलकेच ओढून काढा, टूथब्रशने धुवा, उलट बाजूने पाणी मारा. शटडाऊननंतर पहिलं पाणी गढूळ येतं, टँकरच्या पाण्यात रेतीचे कण असतात आणि वाशी-नेरूळच्या जुन्या सेक्टरांतल्या बिल्डिंगांत अजून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप असतील तर गंजाचे पापुद्रे येतात. सगळं या जाळीवर बसतं. जाळी काढून फेकून द्यायचा मोह होतो, पण तसं करू नका; मग तेच कण आत जाऊन व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवतात, आणि कमी पाण्याच्या जागी जास्त पाण्याची एरर येते. टँकरवर चालणाऱ्या सोसायटीत असाल तर महिन्यातून एकदा जाळी बघायची सवय ठेवा. पाइप पुन्हा जोडताना रबरी वॉशर जागेवर आहे ना, ते बघा. नट हाताने घट्ट झाला की पक्कडीने जेमतेम पाव फेरा. जास्त आवळला तर वॉशर चिरतो.

एक इशारा. काही मशीनच्या इनलेट पाइपच्या नळाकडच्या टोकाला मुठीएवढी प्लास्टिकची पेटी असते. तो गळतीरोधक ॲक्वास्टॉप. त्या पेटीत विजेवर चालणारा व्हॉल्व्ह आहे आणि पाइपमधून वायर गेलेली असते. ती पेटी पाण्यात बुडवायची नाही, आणि पाइप लांब पडतो म्हणून कापायचा तर मुळीच नाही.

आता या कोडचं सगळ्यात फसवं कारण. मशीन पाणी भरतंय, पण ते त्याच वेळी ड्रेन पाइपातून निघून जातंय. ड्रेन पाइप ड्राय बाल्कनीच्या नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडात) जमिनीलगत सोडला असेल तर सायफन लागतो, म्हणजे पाणी आपोआप खाली ओढलं जातं. मशीन भरत राहतं, पातळी काही चढत नाही आणि शेवटी ‘पाणी नाही’ म्हणून थांबतं. भरताना ट्रॅपजवळ कान द्या. तिथे पाण्याचा आवाज येत असेल तर चोर सापडला. ड्रेन पाइप जमिनीपासून कमीत कमी ४० सेंटिमीटर उंचीवरून वळवून मग खाली सोडा. वर मर्यादा साधारण एक मीटरची.

पाणी जात नाही: ई२४, ई२५, ओ-ई, ५-सी

मराठी स्वयंपाक आणि डिशवॉशर यांचं भांडण खरं इथे आहे. फोडणीची मोहरी, कढीपत्त्याचे देठ, भाताची शितं, शेवग्याच्या शेंगेचे दोरे, चिंचोके, माशांचे काटे. भांडी आधी धुऊन लावायची गरज नाही हे खरंच, पण खरकटं डब्यात झटकलंच पाहिजे. ‘मशीन सगळं खातं’ असं शोरूममध्ये सांगतात. मशीन खात नाही, साठवतं.

पहिला प्रश्न: मशीनला पाणी बाहेर ढकलता येत नाही, की मशीन ढकलतंय पण पुढे वाटच नाही? याचा निकाल पाच मिनिटांत लागतो. ड्रेन पाइपचं टोक सिंकच्या ट्रॅपमधून किंवा आउटलेटमधून सोडवा. एका बादलीत धरा. बादली स्टुलावर ठेवा, म्हणजे पाइपचं टोक जमिनीपासून अर्धा-पाऊण मीटर वर राहील. प्लग लावा, रिसेट द्या. पाण्याची जोरदार धार बादलीत पडली तर मशीन ठणठणीत आहे, तुमचा सिंकचा ट्रॅप किंवा पुढची लाइन तुंबलीय. नुसता ठिबका आला किंवा पंप गुरगुरून गप्प झाला तर अडचण मशीनच्या आत किंवा पाइपात.

लाइन तुंबली असेल तर सिंकखालचा बॉटल ट्रॅप खाली बादली ठेवून उघडा. आत तेला-तुपाचा करड्या रंगाचा चिखल सापडेल. धुवा, परत लावा. नवीनच बसवलेलं मशीन पहिल्याच दिवशी ड्रेन एरर देत असेल, तर ट्रॅपच्या ज्या तोटीवर पाइप चढवलाय तिच्यात कंपनीची प्लास्टिकची चकती तशीच बंद आहे का, ते पाहा. ती कापून काढावी लागते, आणि घाईत प्लंबर विसरतात. ड्रेन पाइप आउटलेटमध्ये फूटभर आत कोंबलेला असेल तर थोडा बाहेर ओढा.

अडचण मशीनमध्ये असेल तर पुढचं काम असं. प्लग काढा. खालचा रॅक बाहेर काढा. तळाशी उभं असलेलं पाणी वाटीने उपसा, उरलेलं स्पंजने टिपा. मधला गोल फिल्टर डावीकडे फिरवून उचला, त्याखालची सपाट जाळीही काढा. दोन्ही बेसिनमध्ये ठेवून गरम पाणी आणि टूथब्रशने धुवा. तारेची घासणी लावू नका, जाळी फाटते. ई२२ आला असेल तर तुमचं काम इथेच संपलं.

आता फिल्टर निघालेल्या खड्ड्यात टॉर्च मारा. बॉशच्या मॉडेल्समध्ये एका बाजूला पंपाचं छोटं पांढरं झाकण दिसतं. चमच्याच्या दांड्याने ते उचकटा आणि तिरकं आतल्या बाजूला ओढून काढा. हातमोजे घाला, कारण इथे फुटलेल्या ग्लासचे कपचे बसलेले असतात आणि पाण्यात ते दिसत नाहीत. बोट आत घालून पंपाचा छोटा पंखा फिरवा. तो झटके देत, अडखळत फिरतो. आत चुंबक असल्याने तसंच फिरायला हवं. तो खराबीचा पुरावा नव्हे. अजिबात फिरत नसेल तर पात्याखाली काहीतरी आहे. लिंबाची बी इथे अगदी मापाची बसते. दह्याच्या पाकिटाचा कोपरा, टूथपिकचा तुकडा, बरणीवरच्या लेबलचा लगदा, तोही इथेच सापडतो. लोणच्याच्या नि जॅमच्या बरण्या पुनर्वापरासाठी मशीनमध्ये टाकता ना? लेबल आधी भिजवून काढा.

झाकण परत लावताना ‘टक्’ आवाज आला पाहिजे. नाही आला तर ते बसलेलं नाही, आणि सगळं साफ करूनही ई२५ परत येईल. साफसफाईनंतर एरर आणखी वाढली, अशी जी तक्रार ऐकू येते तिचं कारण बहुतेक वेळा हे झाकण असतं. गोल फिल्टरही उजवीकडे फिरवून घट्ट बसवा. सैल राहिला तर सगळं खरकटं पंपात.

पंखा मोकळा फिरतोय, पाइप मोकळा आहे, तरी रिसेट दिल्यावर पंपाचा कसलाच आवाज नाही, तर पंप गेला असं समजायला हरकत नाही. ते काम मेकॅनिकचं.

ड्रेन पाइप जोडताना ओट्याच्या खालच्या बाजूला, जितका वर जाईल तितका वर नेऊन केबल टायने बांधा आणि मग ट्रॅपमध्ये उतरवा. सिंक तुंबलं की त्यातलं घाण पाणी मशीनमध्ये उलटं येतं, ते या वळणामुळे थांबतं. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी, पावसाळ्यात चेंबर भरतात अशा ठिकाणी तर हे नक्की करावं.

तळाशी पाणी: ई१५, ए-ई, एल-सी

मशीनच्या बुडाशी एक ट्रे असतो आणि त्यात थर्माकोलचा तरंगता तुकडा. ट्रेमध्ये पाणी आलं की तो उचलला जातो, स्विच दबतो, मशीन पाणी घेणं बंद करतं आणि ड्रेन पंप सतत चालवत ठेवतं. तुमच्या लाकडी फर्निचरचा आणि खालच्या फ्लॅटच्या छताचा बचाव व्हावा म्हणून ही सोय आहे. त्यामुळे या एररवर चिडू नये.

आधी कॉक बंद, प्लग बाहेर. मग आठवा, टॅबलेट किंवा पावडर संपली म्हणून कुणी भांडी घासायचा लिक्विड टाकला का? फेसाचं पाणी दाराच्या फटीतून ट्रेमध्ये उतरतं. मशीनच्या आत फेस दिसला तर फडक्याने पुसून काढा, तांब्याभर साधं पाणी घालून रिसेट देऊन बाहेर टाका, फेस जाईपर्यंत हेच करत राहा. प्लग थोडा वेळ लावावा लागेल, तेवढ्यापुरता चालेल.

फेस नसेल तर गळती शोधा. दाराच्या रबरावर बोट फिरवा: भाताचं शीत, भेग, खालच्या कोपऱ्यात चिकटा. ओल्या फडक्याने पुसून घ्या. खालच्या फवाऱ्याची पाती मोठ्या ताटाला अडून पाणी थेट दारावर मारत होती का? मोठी परात दाराकडे तोंड करून लावली की असं होतं. मग मागचे पाइप. पाइपावर बारीक दातांच्या खुणा दिसल्या तर उंदीर. रो-हाऊसमध्ये आणि तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये हे वरचेवर होतं, आणि वॉरंटीमध्ये सहसा बसत नाही. पाइप भिंतीतून जिथे बाहेर जातो ते भोक जाळी लावून बुजवा.

ट्रेमधलं पाणी काढायचं कसं? समोरची खालची पट्टी दोन स्क्रूंनी निघत असेल तर ती काढून स्पंजने टिपा. सुटं मशीन असेल तर दोघांनी मिळून थोडंसं पुढे-मागे कलतं केलं तरी पाणी बाहेर येतं. एकट्याने नको, मशीन ४५-५० किलोचं असतं. ओट्याला स्क्रूने बसवलेलं बिल्ट-इन मशीन मात्र हलवू नका.

पाणी काढलं की कोड जातो आणि माणूस खूश होतो. पण पाणी आलं कुठून ते कळलं नसेल तर कोड चार दिवसांत परत येणार. म्हणून मशीनखाली आणि मागे कोरडे रद्दी पेपर पसरा, कॉक उघडा आणि रिकाम्या मशीनवर छोटा प्रोग्रॅम लावा. पेपर कुठे आणि केव्हा ओला होतो ते बघा. मशीन पाणी घेतानाच मागचा पेपर भिजला तर इनलेटचा जोड, धुताना पुढचा भिजला तर दाराचं रबर, शेवटी पाणी टाकताना भिजला तर ड्रेन पाइप. पेपर कोरडे राहिले आणि तरी एरर आली, तर गळती मशीनच्या पोटात आहे. तिथे आपण थांबायचं.

पाणी तापत नाही: ई०९, एच-ई

इथे आपल्या हाती फार थोडं आहे. प्लग १६ अँपिअरच्या सॉकेटमध्ये, अर्थिंगसह आहे ना? डिशवॉशर २००० वॉटच्या आसपास किंवा जास्त खेचतो. मिक्सरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर तो लावायचा नाही. प्लगची पिन काळी किंवा प्लास्टिक पिवळं पडलं असेल तर सॉकेट बदलून घ्या. लावलेला प्रोग्रॅम प्री-रिन्स तर नाही? त्यात पाणी तापतच नाही. एवढं ठीक असूनही ७० अंशांच्या प्रोग्रॅमनंतर भांडी गार आणि ओशट निघत असतील तर मेकॅनिक बोलवा. आणि मशीन लावताच घरातला एमसीबी किंवा आरसीसीबी (मेन बोर्डवरचा आपोआप वीज तोडणारा स्विच) पडत असेल, तर तो पुन्हा पुन्हा वर करून बघू नका.

हीटर लवकर जाण्यामागे बऱ्याचदा पाण्यातले क्षार असतात. मशीनमधला सॉफ्टनर ते मिठाच्या मदतीने काढतो, म्हणून मिठाबद्दल थोडं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी मिळतं, ठाण्याच्या पाण्यात भातसाचा मोठा वाटा. धरणाचं पाणी तुलनेने मऊ. पण सोसायटीत बोअरवेलचं पाणी मिसळत असेल किंवा एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले असतील, तर तुमच्या नळाचं पाणी धरणाचं राहत नाही. आरओवाल्याकडचा टीडीएस मीटर इथे पुरत नाही. तो विरघळलेलं सगळंच मोजतो, आपल्याला कॅल्शियम-मॅग्नेशियमची कठीणता हवी. त्यासाठी चाचणीच्या पट्ट्या मिळतात. माशांच्या टाक्यांचं सामान विकणाऱ्या दुकानातही असतात.

पट्टीवर २५० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) आलं असं धरा. त्याला १७.८ ने भागलं की १४ जर्मन अंश, हे कठीणता मोजायचं दुसरं माप. बॉशच्या तक्त्यात १३ ते १६ अंशांना सॉफ्टनरची एच०४ ही सेटिंग आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता २०० पीपीएमपर्यंत असावी, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. म्हणजे ‘पिण्यालायक’ पाणीसुद्धा मशीनला जड जाऊ शकतं. उन्हाळ्यात एकदा, पावसाळ्यानंतर एकदा पट्टी बुडवून सेटिंग बदला.

मीठ डिशवॉशरचंच घ्या. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि गुठळ्या न होण्यासाठी घातलेले पदार्थ असतात, ते सॉफ्टनर खराब करतात. पहिल्यांदा भरताना मिठाच्या कप्प्यात आधी पाणी घालतात, नंतर मीठ. भरताना सांडलेलं मीठ स्टीलवर डाग पाडतं, म्हणून मीठ भरल्यावर लगेच एक प्रोग्रॅम लावा. मिठाचा दिवा लागणं ही एरर नाही, आणि त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही.

मेकॅनिकला बोलवायचंच झालं तर

नंबर वॉरंटी कार्डवरचा किंवा मॅन्युअलवरचा घ्या. गुगलवर ‘डिशवॉशर रिपेअर ठाणे’ शोधून वर दिसणाऱ्या नंबरवर फोन करू नका. कंपनीच्या नावाने बनावट कस्टमर केअर चालवणारे तिथे टपलेले असतात. ‘रजिस्ट्रेशनसाठी दहा रुपये भरा, लिंक पाठवतो’ असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

मॉडेल नंबर, कोडचा फोटो, एरर कोणत्या टप्प्याला आली ते, आणि तुम्ही काय काय तपासलं ते सांगा. “बादली मिनिटात भरते, जाळी साफ आहे, ड्रेनची धार जोरात आहे, पंखा मोकळा फिरतोय,” एवढं ऐकलं की समोरचा माणूस वेगळ्या सुरात बोलायला लागतो. व्हिजिट चार्ज किती, आणि पार्ट बदलला तर तो त्यातून वजा होणार का, हे फोनवरच विचारून घ्या.

पार्ट बदलला तर जुना मागून घ्या आणि बिलावर नव्या पार्टचा नंबर आणि वॉरंटी लिहून घ्या. मग तो घरात असतानाच मशीनवर एक छोटा गरम प्रोग्रॅम लावायला सांगा. पाणी भरून, तापून, बाहेर जाईपर्यंत त्याला चहा पाजा. नुसता डिस्प्ले लागलेला बघून सही करू नका.